आमची टेप सावकाशच चालेल

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात बोंबलांच्या पाण्यात होते. शुक्रवार, दुपारचे बाराएक वाजलेले. पनवेलच्या मासळी बाजारात त्या वेळेला गिऱ्हाईक पातळ होतं, उरलेला माल धुऊन बर्फात लोटायचा असतो. बाजूला बसणाऱ्या बाईनं माझ्या पिशवीतून फोन काढून माझ्या कानाला लावला. पलीकडे आमची शेजारीण वैशाली. "मावशी, घरी या. काशामामा उठत नाहीयेत." एवढंच बोलली. मी हात पुसलेच नाहीत, तशीच रिक्षात बसले. आणि घर येईपर्यंत माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी म्हणत होते, अरे आज शुक्रवार आहे रे... रविवार तरी होऊ द्यायचास.

कारण रविवारी त्याला चार माणसांत एक गोष्ट बोलायची होती. वीस वर्षं त्यानं ती पोटात ठेवली होती. ती बोलायच्या आत गेला, आणि त्याच्यामागे लोकांनी भलतंच बोलायला घेतलं. म्हणून हे लिहायला बसले. मी काही लेखिका नाही. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं मासळी बांधायच्या कागदांवर वाचून शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, पुढेमागे होईल, सांभाळून घ्या.

काशा म्हणजे माझा धाकटा भाऊ काशिनाथ. माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्ही समुद्रकाठच्या करंजा गावचे, बापाची होडी होती. माझं लग्न होऊन मी पनवेलला आले, आणि काशा इथे शिकायला म्हणून माझ्याकडे राहिला तो राहिलाच. पुढे बंदरात क्रेनवर लागला, तिथूनच निवृत्त झाला. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "एक बाय हाय ना घरात ओरडायला, दुसरी कशाला?" बाय म्हणजे मी. माझे यजमान लवकर गेले, मुलगी सासरी गेली, मग दोन खोल्यांत आम्ही दोघंच. भेटायला आलेले लोक म्हणाले, किती शांत माणूस, सगळ्यांशी जुळवून घेणारा. ऐकून माझं डोकं फिरलं. जुळवून घेतलं हे खरं. पण ते घेताना त्याला काय गिळावं लागलं, हे मला माहीत आहे.

गोष्ट एका टेपरेकॉर्डरची आहे. आमच्या लहानपणी मोठी जहाजं समुद्रात नांगर टाकून दिवसचे दिवस उभी राहायची, आणि करंजाच्या होड्या त्यांच्या पोटाशी लागून ताजं म्हावरं द्यायच्या. बदल्यात कधी साबण, कधी दोर, कधी डबे यायचे. मी माहेरपणाला आलेले आणि काशा सोळा वर्षांचा असेल, तेव्हा बापूस एका जहाजाच्या आचाऱ्याला पापलेटं देऊन एक टेप घेऊन आला. आत एक कॅसेट होती. टेप चालत मात्र नव्हती. तो आचारी काय खुळा होता चालू टेप द्यायला? बापसानं ती उघडली तर आतला रबरी पट्टा तुटलेला. आता करंजात टेपचा पट्टा कुठला मिळायला! बापूस उठला, चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या पाटीकडे गेला. चिंबोरीच्या नांग्या बांधायला आम्ही सायकलच्या ट्यूबची कडी कापतो, त्यातली एक बारीक बघून त्यानं चाकांवर चढवली. बटण दाबलं. टेप फिरली. बापूस म्हणाला, "चिंबोरीला धरतंय ते गान्याला नाय धरणार?"

त्या कॅसेटवरून आमच्या घरात जे शिरलं ते पन्नास वर्षं गेलं नाही. विलायतेचा एक बँड होता. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला, हे मला पुढे कळलं. वेष्टनावर एक दीपगृह होतं, आमच्याकडे समुद्रातल्या दिव्याला बत्ती म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना बत्तीवाले म्हणायला लागलो. त्यांचं खरं इंग्रजी नाव आमच्या घरात कधी चाललं नाही, तेव्हा इथेही चालवत नाही. कॅसेटच्या अख्ख्या एका बाजूला एकच गाणं. आधी नुसतं ऑर्गन, लांबून भरती येते तसं, मग ढोल, मग गिटार, मग मध्येच सगळं थांबून एकटी बासरी... आणि मग तो गाणारा. काय आवाज होता! जाड, खोल, खारवलेला. आम्ही ठरवूनच टाकलं की हा पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस असणार, आपल्या तांडेलासारखा, होडी ज्याच्या हुकमानं चालते तसा. वेष्टनात घडी घातलेला एक कागद होता, त्यावर बारीक अक्षरात गाण्याचे शब्द. काशानं आणि मी त्या कागदावर बोट ठेवून इंग्रजी अक्षरं लावली. त्याला शाळेतली येत होती, मला त्यानं शिकवली. बत्ती सांभाळणारा एक माणूस आहे, एक जहाज परत यायचं आहे, येत नाही, तरी हा रोज दिवा लावतो, असं काहीतरी ते गाणं. ते समजायला आम्हाला दोन पावसाळे लागले. करंजातल्या पोरांना त्यात समजण्यासारखं नवीन काय होतं म्हणा.

ठेका मात्र विचित्र. काशा मला सांगायचा, "बाय, आपलं गानं सहावर येतं, यांचं सातवर. एक पाय हवेत ऱ्हातो बघ." तो जेवताना ताटाच्या कडेवर बोटानं ठेका धरायचा, सहा वाजवायचा आणि सातवा वाजवायचाच नाही, बोट वरच्या वर सोडून द्यायचा. पनवेलला आला तेव्हा टेप घेऊनच आला. मी संध्याकाळी बाजारातून येऊन भात चढवला की तो बटण दाबायचा. गाणं संपायला आणि भात व्हायला एकच गाठ. बासरी आली की आच कमी करायची, तांडेल शेवटचं गायला लागला की झाकण काढायचं. घड्याळ नव्हतं असं नाही. घड्याळाची गरज पडली नाही.

आता आमची चूक सांगते. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. त्या टेपवर आम्ही एकदा आपली कोळीगीतांची कॅसेट लावली. ताप आलेला माणूस गातोय असं वाटायला लागलं. नाचायची गाणी आणि पाय उचलायलाच तयार नाही. लग्नघरातून आणलेली दुसरी कॅसेट लावली, तीही तशीच रडायला लागली. कोणाही शहाण्याला कळलं असतं की टेप सावकाश चालतेय. आम्हाला काय कळलं? की विलायती यंत्राला आपली गाणी मानवत नाहीत! बापूस म्हणाला, ज्या पाण्यातला मासा त्याच पाण्यात जगतो. आम्हाला पटलं. आपली गाणी ऐकायला रेडिओ घेतला, आणि ती टेप बत्तीवाल्यांसाठी राखून ठेवली. दर पावसाळ्यानंतर रबर सैल व्हायचं, मी पाटीतलं दुसरं कापून द्यायचे. अशी पंचवीस वर्षं गेली.

मधल्या काळात बत्तीवाले बदलले. मुंबईहून येणारा काशाचा एक मित्र फुटपाथवरून त्यांच्या कॅसेट आणायचा. दुसरी तशीच लांबच लांब होती, तिसरीत व्हायोलिन आलं, आणि मग एक आली ती पाहूनच काशाचं तोंड पडलं. एका बाजूला पाच-पाच गाणी! ढोलवाला गेला होता, त्याच्या जागी मशीन टिकटिक करत होतं. ऑर्गन गेलं, चकचकीत काहीतरी आलं. आमच्या टेपवर ते मशीनही आळशीच चालायचं, ती गोष्ट वेगळी. काशानं दोन दिवस टेपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाय, इकले गेले हे."

मी म्हटलं, "मग? मी रोज सकाली बाजारात काय करतंय?"

"तसं नाय गो. ह्यांचं गानं ऱ्हायलं नाय."

"हे बघ काशा. श्रावणात येऊन सुरमई मागणारं गिऱ्हाईक असतं ना, तसा तू झालास. समुद्र तुझ्या ताटाकडं बघून चालत नाय. त्यांच्याकडं आता जे लागतंय ते त्यांनी आनलंय. घ्यायचं तर घे, नायतर पुढं हो."

तो चिडून उठून गेला. पण त्या टिकटिकवाल्या कॅसेटमधलं चौथं गाणं मी मासे साफ करताना गुणगुणायचे, आणि सहा महिन्यांनी बघते तर अंघोळ करताना हाच ते गातोय. मी दाराबाहेर उभी राहून सातवा ठोका दारावर वाजवला. आतून आवाज, "जा गो!"

मग आले अभ्यंकर साहेब. आता हे लिहिताना मला सांभाळून लिहायला हवं, कारण माणूस चांगला आहे. पुण्याचे, कंपनीत इंजिनिअर, सुकापूरला फ्लॅट घेऊन राहिलेले. त्यांच्या घरी पुरुषभर उंचीचे स्पीकर, भिंतभर रेकॉर्ड, आणि रविवारी सकाळी सात-आठ जणांची बैठक. सगळे या असल्या संगीताचे दर्दी. काशाला तिथे कोणीतरी बंदरातल्या ओळखीनं नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपले बत्तीवाले ओळखणारी माणसं भेटत होती. काय आनंद झाला होता! मलाही घेऊन गेला. इस्त्रीचा शर्ट घातला, मी सोबत सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पुडी घेतली. अभ्यंकरांनी आम्हाला मध्ये बसवलं आणि म्हणाले, "काशिनाथराव, आज तुमच्यासाठी खास. पहिली रेकॉर्ड. मूळ विलायती प्रत." तबकडीवर सुई ठेवली.

आणि त्या मोठ्या स्पीकरमधून एक बारीक पोरगा किंचाळायला लागला.

तेच ऑर्गन, तेच शब्द, पण सगळं घाईत, बाजारात माल संपायच्या आत पळावं तसं. तांडेल कुठे गेला आमचा? काशा एकदम बोलून गेला, "साहेब, जलद लागलंय."

"काय जलद?"

"ह्ये गानं. आमच्याकडं असं नाय. आवाज जाड हाय त्याचा, वयस्कर मानूस हाय तो..."

अभ्यंकरांनी रेकॉर्डचं वेष्टन त्याच्या हातात दिलं. आतल्या बाजूला फोटो. लांब केसांचा, काडीसारखा, मिसरूड फुटलेला मुलगा. मग प्रश्न सुरू झाले. कुठली टेप, कधीची, पट्टा कोणता? काशा बिचारा खरं बोलला. चिंबोरीचं रबर म्हणाला. आणि ती आठच्या आठ माणसं हसली. वाईट हसली नाहीत हो, आपण घरात हसतो तसं हसली, एकानं तर काशाच्या पाठीवर थापसुद्धा मारली. "म्हणजे पंचवीस वर्षं तुम्ही हा बँड ऐकलाच नाहीत!" मी तेव्हा म्हणाले, "तुमच्या ह्या गाण्यावर आमचा भात कच्चा राहील." त्यावर आणखी हसले. काशाही हसला. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अभ्यंकर साहेब स्वतः आमच्या घरी आले. कुठूनतरी त्या मापाचा खरा पट्टा शोधून आणला होता, छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात. "बदलून घ्या काशिनाथराव, मग बघा मजा." एवढ्या लांबून आले, चहा प्यायले, सोड्यांचं कौतुक केलं. काशानं पाकीट घेतलं, खणात ठेवलं. ते कधी फोडलं नाही. पण त्या दिवशी टेप मात्र माळ्यावर गेली. मी म्हटलं, अरे लाव की, भात चढवलाय. म्हणाला, "चुकीचं हाय ते, बाय. घड्याळ बघून उतरव."

वीस वर्षं. वीस वर्षं तो दर रविवारी सुकापूरला जात राहिला आणि त्यांच्यासारखं बोलायला शिकला. पहिला काळ, मधला काळ, अमक्यानं बँड सोडल्यावरचा काळ. मध्ये बत्तीवाल्यांनी एका तरुण गिटारवाल्याला घेऊन लोखंड आपटल्यासारखी एक रेकॉर्ड काढली, तेव्हा बैठकीत ठरलं की यांचं खरं काम पहिल्या तीन रेकॉर्डपुरतंच, काशानं मान डोलावली. घरी येऊन मला सांगितलंही तसंच. मी विचारलं, "हे तू बोलतोस की अभ्यंकर?" जेवताना ताटावरचा ठेकाही बंद झाला. चूक झाली म्हणून माणूस दुरुस्त होतो, ते मला कळतं. पण याचं तसं नव्हतं. ज्यावर जीव लावला तेच खोटं निघालं असं त्याला कोणीतरी पटवलं होतं, आणि हा ते नम्रपणे मान्य करून बसला होता.

गेल्या वर्षी बत्तीवाल्यांनी शेवटची म्हणून एक रेकॉर्ड काढली. मूळचे दोघंच उरलेत, तो गाणारा आणि ऑर्गनवाला, दोघंही ऐंशीला टेकलेले. त्यात त्यांनी पहिलं, दिव्याचं गाणं पुन्हा गायलंय. बैठकीत ते लावलं आणि पाच मिनिटांत बंद केलं. थकले, म्हणाले. सूर खाली आणलाय, चाल संथ केलीय, वरचं लागतच नाही आता. एक जण म्हणाला, वय झालं की माणसानं गप्प बसावं. हे काशानं मला घरी येऊन सांगितलं, आणि या खेपेला मी भडकले. म्हटलं, "मी बाहत्तर वर्षांची हाय. माझा आवाज पन आता खालीच लागतो. बाजारात पहिल्यासारखी हाक जात नाय. गप्प बसू? उद्यापासून कोन विकनार, तो?" काशा हसला. आणि मग बऱ्याच वेळानं, माझ्या बोलण्यानं असेल की काय, त्यानं फोनवर ते गाणं लावलं. पूर्ण ऐकायला.

मी आत कालवणाला फोडणी देत होते. ऑर्गन ऐकू आलं. मी काही विशेष लक्ष दिलं नाही. मग तो गायला लागला... आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. बाहेरून काशाची हाक, अशी हाक मी त्याची करंजा सोडल्यापासून ऐकली नव्हती. "बाय! ये गो! तांडेल आलाय!"

तोच. तोच आवाज हो. जाड, खोल, खारवलेला. तीच चाल. जिथे आम्ही पोरवयात श्वास घ्यायचो तिथेच तो श्वास घेत होता. काशा खुर्चीवर चढला, माळ्यावरून टेप काढली. रबराचं डांबर झालं होतं. मी बाजाराच्या पाटीतून नवं रबर आणलं, बसवलं, आणि आम्ही दोन म्हाताऱ्यांनी टेप आणि फोन एकाच वेळी लावायचा उद्योग केला. चार वेळा चुकला, पाचव्यांदा जमला. अगदी तंतोतंत नाही, थोडं मागेपुढे होत होतं, होड्या शेजारी शेजारी चालतात तसं. पण पंचविशीतला पोरगा चिंबोरीच्या रबरावरून आणि ऐंशीचा म्हातारा फोनमधून, दोघं एका आवाजात गात होते. काशा रडत होता की हसत होता मला सांगता येत नाही. म्हणाला, "बाय, आपन चुकीचं ऐकलं नाय गो. आपन लवकर ऐकलं."

त्यानंतर आठ दिवस त्याचा निश्चयच होत नव्हता. मग बुधवारी म्हणाला, रविवारी टेप घेऊन जातो सुकापूरला. सगळ्यांना बसवून ऐकवतो आणि सांगतो. काय सांगशील? म्हणाला, "सांगतो, की वीस वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. मला तुमचं जलदवालं कधीच आवडलं नाय." मला म्हणाला, तू पण चल, मी अडखळलो तर तू बोल. शुक्रवारी सकाळी मी बाजारात निघाले तेव्हा तो टेपची धूळ जुन्या गंजिफ्रॉकनं पुसत बसला होता. चहाच्या कपावर बोटानं ठेका चालला होता. सहा, आणि बोट वर. मी म्हटलं, कप फुटेल. "फुटू दे." हेच आमचं शेवटचं बोलणं. डॉक्टर म्हणाले, हृदय होतं, त्याला कळलंही नसेल.

दिवसकार्य झालं. दोन दिवसांनी बैठकीचा निरोप काशाच्या फोनवर आला, वैशालीनं वाचून दाखवला. 'आपले मित्र काशिनाथराव, पहिल्या काळाचे कट्टर रसिक, यांना आदरांजली म्हणून रविवारी मूळ रेकॉर्डचं श्रवण.' मूळ रेकॉर्ड! म्हणजे ज्या गाण्यानं त्याला मान खाली घालायला लावली तेच गाणं त्याच्या नावानं लावणार, आणि कायमचं त्याच्या नावाला चिकटवणार. मी वैशालीला म्हटलं, लिही. ताई येतेय म्हणून लिही.

रविवारी टेप मासळीच्या पिशवीत घातली, दुसरी पिशवीच नव्हती, आणि सुकापूरला रिक्षा केली. अभ्यंकर साहेब आता वाकलेत, काठी घेऊन दारात उभे होते. काशाचा फोटो टेबलावर, हार, शेजारी तीच रेकॉर्ड काढून ठेवलेली. मी फोटोपुढे टेप ठेवली.

"मथुराताई, हे काय?"

"काशाची टेप. आज ही लावायची."

"अहो, पण ताई... ती चुकीच्या वेगानं चालते. तुम्हाला माहितेय ना? त्यांना आदरांजली वाहायची ती योग्य रूपातच—"

"म्हायती हाय साहेब. वीस वर्षांपूर्वी तुमीच सांगितलंत, तुमच्यासमोरच तो हसला. आज तो हसायला नाय. आज तुमचं यंत्र बंद ठेवा, आणि एक बाजू पुरती ऐका. कोनाला उठायचं असेल तर आत्ताच उठा, मध्ये उठायचं नाय. भात चढवल्यावर आमच्याकडं कोन उठत नाय."

कोणी उठलं नाही. मी बटण दाबलं. एवढ्या मोठ्या खोलीत त्या टेपचा आवाज केवढासा, सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं. ऑर्गन, ढोल, बासरी. मग तांडेल. तो अर्धं गायल्यावर मी टेप थांबवली आणि फोनवर त्या म्हाताऱ्याचं लावलं, वैशालीनं घरीच नेमक्या त्या जागेपाशी आणून ठेवलेलं, पुढचं तिथूनच. एका शब्दाचाही सांधा दिसला नाही. मग मी काशाचं बोलणं बोलले, त्यानं सांगितलं होतं तसंच, शब्द न बदलता. की त्याला तुमचं जलदवालं कधीच आवडलं नाही. की ज्यांना तुम्ही थकलेले म्हणता, ते पन्नास वर्षं चालत चालत आमच्या दोन खोल्यांपर्यंत पोचलेत, आणि आम्ही तिथे आधीपासून दिवा लावून बसलो होतो. हे दुसरं वाक्य माझं. अडखळलो तर तू बोल, म्हणाला होता ना.

अभ्यंकर साहेबांनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, "मला अजूनही मूळचंच बरं वाटतं, ताई. खोटं कशाला बोलू?"

"बोलू नका. काशा बोलला, त्याला त्रास झाला."

मान हलवली त्यांनी. मी निघताना साहेब दारापर्यंत आले, आणि इंजिनिअर तो इंजिनिअरच, विचारलं, "नेमकी किती सावकाश चालते हो ही? मोजलंय कधी?" मी म्हटलं, "भात व्हायला लागतो तेवढी." या खेपेला ते एकटेच हसले, आणि मला राग आला नाही. जिना उतरताना वरून त्यांच्या मोठ्या स्पीकरमधून आवाज यायला लागला. मी थांबून ऐकलं. म्हाताऱ्याचं नवं गाणं होतं. या वेळी पाच मिनिटांत बंद झालं नाही.

ओळखीचे लोक मला सांगतात, टेप कुठेतरी ठेवून द्या, नाहीतर नीट दुरुस्त तरी करून घ्या, पट्टा तर घरातच आहे. पाकीट खणात आहे, तसंच बंद. राहील तसंच. दुरुस्त व्हायला तिला झालंय काय? ट्यूब कापायला माझे हात अजून चालतात, आणि चिंबोऱ्या काही समुद्रातून संपल्या नाहीत. संध्याकाळी बाजारातून आले की मी भात चढवते आणि बटण दाबते. एक अडचण आहे. एकटीपुरता भात लवकर होतो, बासरीच्या आधीच. मग मी गॅस अगदी बारीक करते आणि ताटाच्या कडेवर बोट धरून बसते. गाणं संपल्याशिवाय झाकण काढत नाही.